आगोटीआधी फोन करा: कोकणातल्या रेस्क्यू सेंटरला भेट कशी द्यावी, मदत कशी करावी

वन्यप्राण्यांचं रेस्क्यू सेंटर बघायला यायचं मनात असेल तर आधी फोन करा. फोनवर "काय काय बघायला मिळेल?" असं विचारू नका. "कधी आलो तर तुम्हाला सोयीचं पडेल आणि येताना काय आणू?" एवढंच विचारा. आमच्या केंद्रावर फोन मी घेते. प्राण्यांचं खाणं आणि नोंदवहीही माझ्याकडेच असते, त्यामुळे येणारे लोक काय विचारतात आणि आम्हाला खरं काय लागतं हे दोन्ही रोज कानांवर आणि हातांवर असतं. आम्ही दापोली-गुहागरच्या पट्ट्यातले. पण पुढे जे लिहिते आहे ते डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत अशा कुठल्याही केंद्राला लागू पडेल.

चालवणारे सगळे स्वयंसेवक. एक जण रिक्षा चालवतो, एक शाळेत शिपाई आहे, दोन मुली कॉलेजात शिकतात, डॉक्टर त्यांची ड्यूटी संपवून संध्याकाळी येतात. म्हणजे दिवसभर केंद्रावर बहुतेक एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात मासे कापायची सुरी नाहीतर ब्लीचिंग पावडरची बादली असते. न कळवता फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली की ते काम तिथेच थांबतं आणि आत कुणीतरी उपाशी राहतं.

प्राणी दाखवण्यासाठी ही जागा नसतेच. जखमी नाहीतर पोरका झालेला जीव आणायचा, बरा करायचा आणि जिथून आणला तिथे परत सोडायचा, एवढंच काम. बहुतेक केंद्रांवर पाहुण्यांना पिंजऱ्यांपर्यंत नेतच नाहीत. आमच्याकडे माशांची खोली, औषधांचं कपाट, बाहेरून टाकी आणि नोंदवही एवढं दाखवतो. लांबून आलेल्या माणसाला वाईट वाटतं हे मला कळतं. पण आतल्या प्राण्याला माणूस दिसणं म्हणजे संकटच वाटतं आणि त्या भीतीनं तो मरूही शकतो.

जागा खरी आहे का, हे आधी बघा

चौकशी बिनधास्त करा. कुणी खोदून विचारलं तर मला उलट बरं वाटतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातला प्राणी कुणालाही आपल्या घरी ठेवता येत नाही. मग तो पाळायला असो की माया करायला. त्यामुळे वन विभागाशी या केंद्राचा लेखी संबंध काय आहे, हे पहिलं विचारा. उपचार कोणते पशुवैद्य करतात ते विचारा. आणि शेवटी हे नक्की विचारा: गेल्या वर्षी किती प्राणी आले, किती सोडले, किती दगावले?

"आमच्याकडे सगळे वाचतात" असं उत्तर आलं तर तिथून निघा. आमच्याकडे येणारी घार बहुतेक वेळा पंखाचं हाड मोडून, वर दोन दिवस कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात काढून आलेली असते. त्यातल्या बऱ्याच जातात. नोंदवहीत ते लाल शाईनं लिहिलेलं असतं आणि वही मागितली तर मी उघडून दाखवते. घुबड हातावर बसवून फोटो काढू देणारं, अजगर गळ्यात घालायला देणारं ठिकाण असेल तर तिथे एक रुपयाही देऊ नका. वन विभागाला कळवा.

आल्यावर

गाडी रस्त्यावरच लावा, हॉर्न वाजवू नका, मोबाइल सायलेंटवर ठेवा. घरचा कुत्रा सोबत आणू नका. गाडीत ठेवला तरी त्याचा वास आणि भुंकणं आत पोचतं. लहान मुलांना जरूर आणा, पण निघण्यापूर्वी त्यांना सांगून आणा की आज हात लावायचा नाही आणि कदाचित काही दिसणारही नाही. असं सांगून आणलेली मुलं मोठ्यांपेक्षा शहाण्यासारखी वागतात.

एकदा दाराच्या फटीतून एका मुलीला गव्हाणी घुबड दिसलं. नारळाचं जुनं झाड तोडलं तेव्हा ढोलीतून पडलेलं, अंगावर अजून थोडी पिसं यायची होती. ते मान खाली घालून डावीकडून उजवीकडे झोके घेत होतं, पंख जरासे उघडलेले, आणि तोंडातून कुकरची शिट्टी धड न होता वाफ सुटावी तसा लांब फुस्कारा. मधूनच टक् टक् आवाज. मुलगी आनंदानं म्हणाली, "नाचतंय!" मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की ते आपल्याला घाबरवून हाकलतंय, कारण त्याला पळून जाता येत नाही. ती स्वतःहून चार पावलं मागे सरली. घुबड झोके घेतंय, उदमांजर कोपऱ्यात मुटकुळं करून निपचित पडलंय, भेकराचं पाडस हाताखाली हलत नाही: यातलं काहीही "माणसाळलेलं", "शांत" किंवा "खेळकर" नसतं. तिघंही घाबरलेली असतात. म्हणून आम्ही खाणं देताना बोलत नाही, पिंजऱ्यावर चादर टाकलेली असते, पिल्लांना आमचे चेहरे दिसू देत नाही. माणसाचा आवाज म्हणजे खाणं असं एकदा डोक्यात बसलं की ते पिल्लू सुटल्यावर थेट एखाद्याच्या खळ्यात जाऊन उतरतं, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको.

खरी गरज पावसात

पाहुणे येतात नाताळात, शिमग्याला आणि मे महिन्यात. देणग्याही तेव्हाच येतात. आमची ओढाताण मात्र जूनपासून सुरू होते, आणि हे सांगण्यासाठीच मी मुख्यतः लिहायला बसले आहे.

समुद्र खवळला की किनाऱ्याला कासवं लागतात. बहुतेक ऑलिव्ह रिडले, कधी हिरवं कासव. टाकून दिलेल्या किंवा वाहून गेलेल्या नायलॉनच्या जाळ्यात अडकून, थकून, लाटांबरोबर बाहेर फेकलेली. पुढचा वल्ह्यासारखा पाय जाळ्याच्या फासात आवळलेला असतो. दोरा इतका आत रुतलेला की वरून दिसतच नाही, नुसती फुगलेली कातडी आणि मधे एक खाच. डॉक्टर चिमट्यानं तो दोरा एकेक पदर उचलून कापतात, मी टॉर्च धरते. कधी पाय वाचतो, कधी सांध्यापासून काढावा लागतो. काही कासवांना बुडताच येत नाही. फुप्फुसात संसर्ग झालेला असतो आणि ती पाण्यावर एका अंगाला कलून तरंगत राहतात. अशा कासवाचा मुक्काम आठवड्यांचा नाही, महिन्यांचा असतो.

आता त्याला खायला काय घालायचं? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बंदरावर लिलाव नाही, बर्फ नाही, आणि जे थोडं मिळतं त्याचा भाव परवडत नाही. म्हणजे कासवं यायला लागतात तेव्हाच मासळी बंद होते. म्हणून आम्ही घरची आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतो तशी केंद्राचीही भरतो. मे महिन्यात बांगडे आणि तारल्या घेऊन, धुऊन, एका वेळेपुरत्या पिशव्या करून डीप फ्रीझरमध्ये रचतो. त्यातही एक गोम आहे. हे मासे गोठवून फार दिवस ठेवले की त्यांतलं बी-१ जीवनसत्त्व नासतं आणि नुसत्या तशा माशांवर राहिलेला प्राणी लुळा पडायला लागतो. त्यामुळे बांगड्याच्या कल्ल्यात बी-१ ची गोळी खुपसून तो मासा द्यायचा. ही गोळी औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. कुणी "काकू, मी लहान आहे, माझ्याकडे फार पैसे नाहीत" म्हणालं की मी हीच आणायला सांगते, आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा बघून.

फ्रीझर म्हटला की वीज आली. पहिल्या वादळात झाड तारांवर पडतं आणि दोन-दोन दिवस लाईट नसते. इन्व्हर्टरची बॅटरी, जनरेटरचं डिझेल, टाकीचा पंप ही मदत फोटोत दिसत नाही, पण कासव यांवरच जगतं. पाण्याचंही तेच. पावसात खाडीचं पाणी गढूळ आणि गोडं होतं, त्यामुळे खारं पाणी उघड्या समुद्रावरून पिंप भरून आणावं लागतं. ज्याच्याकडे छोटा टेम्पो आहे आणि जो पावसाळ्यात आठवड्यातून एक खेप मोफत मारतो तो आमचा सगळ्यात मोठा देणगीदार.

तेव्हा मदत करायचीच असेल तर मेच्या मध्यावर फोन करा आणि "आगोटीत काय कमी आहे?" विचारा. मुंबई-पुण्याहून स्वतः यायची गरज नाही.

काय आणावं, काय आणू नये

जुन्या सुती चादरी आणि साड्या हव्याच असतात. टर्किशचे टॉवेल नकोत, त्यांच्या वेटोळ्यांत पक्ष्यांची नखं अडकतात आणि बोट निखळतं. साधे पंचे आणा. वर्तमानपत्रांची रद्दी कितीही चालते. झाकणाचे प्लास्टिकचे क्रेट, मजबूत पुठ्ठ्याची खोकी, ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा, बिनसुईच्या सिरिंज, गॉज, बीटाडीन, कातडी हातमोजे, टॉर्च, रेनकोट. औषधं मात्र विचारल्याशिवाय आणू नका, उरलेल्या अर्धवट पट्ट्या तर नकोतच.

खाण्याचं सांगते. बिस्किटं, पाव, दूधभात यांतलं काही प्राण्यांसाठी आणू नका. गाईचं दूध रानातल्या पिल्लांना बाधतं, हगवण लागून ती दोन दिवसांत जातात. घुबडासाठी प्रेमानं बोनलेस चिकन आणणारे भेटतात. घुबड उंदीर अख्खा गिळतं, हाडं-केसांसकट, आणि नको ते गोळा करून तोंडावाटे टाकतं. नुसत्या मांसावर ठेवलं तर चुन्याअभावी त्याची हाडं ठिसूळ होतात. माझ्यासाठी आणि मुलांसाठी खाऊ आणलात तर मात्र आनंदानं घेऊ.

पैसे द्यायचे तर संस्थेच्या नावाच्या खात्यात द्या, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. पावती मागा. संस्थेकडे ८० जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, असेल तर जुन्या करपद्धतीत सवलत मिळते, पण २,००० रुपयांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत, म्हणून ऑनलाइन किंवा चेकनं द्या. माझं स्पष्ट मत: एकदाच दिलेल्या पाच हजारांपेक्षा दर महिन्याला न चुकता येणारे तीनशे आम्हाला जास्त उपयोगी पडतात. पेट्रोल आणि मासे दर महिन्याला लागतात. आणि "माझे पैसे फक्त बिबट्यासाठी वापरा" अशी अट घालू नका. बिबट्या विहिरीत पडला तर तो वन विभागाचं पथक काढतं, आम्ही फार तर गर्दी आवरतो. आमच्या दारात येतात त्या घारी, घुबडं, धामणी, उदमांजरं, कासवं.

हातात कौशल्य असेल तर तेच द्या. वेल्डर, प्लंबर, वायरमन, हिशेब तपासणारे, वर्षातून दोन दिवस येऊ शकणारे पक्ष्यांच्या हाडांचे जाणकार पशुवैद्य. आमच्या टाकीची गळती एका गवंड्यानं दुपारच्या जेवणावर काढून दिली, त्याचं नाव आम्ही अजून काढतो.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर

एक वार ठरवा आणि तो पाळा. मनात येईल तेव्हा येणाऱ्या दहा जणांपेक्षा दर गुरुवारी येणारा एक बरा. पहिले काही महिने प्राण्याला हात लावायला मिळणार नाही. भांडी घासणं, पिंजरे धुणं, मासे कापणं, विष्ठेचा रंग आणि वजन लिहिणं हेच काम. त्या वहीवरून डॉक्टरांना बरंच कळतं. सस्तन प्राण्यांजवळ काम करायचं असेल तर रेबीजची प्रतिबंधक इंजेक्शनं आधी घ्या, कोल्हा चावल्यावर नाही. पावसात गमबूट आणि हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल तर लेप्टोच्या भीतीनं आम्ही त्या दिवशी घरी पाठवतो. अठराच्या आतल्या मुलांना प्राण्यांचं काम देत नाही, नोंदी आणि खोकी करायला देतो. साप पकडायला शिकवा म्हणून येणाऱ्यांना मी नाही म्हणते. फुरसं बोटभर असतं आणि ते माणूस मारू शकतं.

घरी, वाडीत, किनाऱ्यावर

केंद्रात न येताही बरंच करता येतं. माडाचं वठलेलं झाड पाडण्याआधी ढोलीत कुणी आहे का बघून घ्या, शक्य असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. आंब्याच्या बागेत पक्ष्यांसाठी लावलेली जाळी हंगाम संपला की काढून गुंडाळून ठेवा. कठडा नसलेल्या विहिरीत एक जाड, खडबडीत फांदी तिरकी सोडून ठेवा. पडलेलं उदमांजर तिच्यावरून वर येतं.

पूर्ण पिसं आलेलं, जमिनीवर टुणटुणणारं पक्ष्याचं पिल्लू उचलू नका, आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याचं भय असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतो हे खरं नाही. माळ्यावर उदमांजराची पिल्लं सापडली तर रात्रभर तशीच राहू द्या, आई येऊन एकेक करून हलवते. जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात पंचा घालून ठेवा, खोकं अंधाऱ्या शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

किनाऱ्याला आलेलं थकलेलं कासव लगेच समुद्रात ढकलू नका. ते दमून बाहेर आलेलं असतं, पुन्हा आत गेलं तर बुडतं. पायांना धरून ओढू नका, कवच दोन्ही बाजूंनी धरून सावलीत घ्या, अंगावर ओला कपडा टाका, नाक उघडं ठेवा, खायला काही घालू नका आणि फोन करा. पायाला धातूची पट्टी असेल तर नंबर लिहून घ्या, पट्टी काढू नका. ओडिशात २०२१ मध्ये पट्टी लावलेलं कासव जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलं, हे त्या नंबरावरूनच कळलं.

खारवी आणि कोळी बांधवांसाठी एक माहिती. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि जाळं कापून सोडला, तर त्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना २०१८ पासून आहे. कापताना आणि सोडताना फोटो, व्हिडिओ काढून ठेवा, ते पुरावा म्हणून लागतात. जाळं कापणं सोपं नसतं, कर्ज काढून घेतलेलं असतं, हे आम्ही जाणतो. अर्ज भरायला मदत हवी असेल तर केंद्रावर या, आम्ही बसून भरून देतो. हा अर्ज भरून देणं ही आमची सर्वांत स्वस्त शस्त्रक्रिया आहे.

आणि ज्यांना प्राणी बघायचेच आहेत त्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला किंवा आंजर्ल्याला जावं. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी चोरीला जायची. आता अंडी कुंपणाच्या आत हलवतात, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडतात. दोरीच्या मागे उभं राहायचं, टॉर्च-फ्लॅश लावायचा नाही, एखाद्या दिवशी एकही पिल्लू आलं नाही तर कुरकुर करायची नाही. गावातल्या घरात राहा, घरचं जेवा. ते पैसे राखण करणाऱ्यांच्याच घरी जातात.

केंद्र कुठे शोधायचं

इंटरनेटवर शोधण्यापेक्षा वन विभागात विचारा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी चिपळूणचं विभागीय कार्यालय, सिंधुदुर्गासाठी सावंतवाडी, रायगडसाठी अलिबाग आणि रोहा, उत्तरेकडे डहाणू. डहाणूला वन विभागाच्या आवारात जखमी कासवांचं उपचार केंद्र आहे, तिथेही स्थानिक स्वयंसेवकच राबतात. आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपालांना भेटा आणि इथले प्राणी उपचाराला कुठे नेतात, ते विचारा. जो पत्ता मिळेल तिथे फोन करा. दुपारी एक ते तीन या वेळात नको, तेव्हा आम्ही टाकी धूत असतो.